नागपूर–मुंबई : हवाई अंतर आणि तिकिटावरील वेळ

प्रश्न : अंतर ६८५ किलोमीटरच असताना विमानाला दीड तास का? (वाचक, सौंसर)

उत्तर : सुमारे ६८५ किलोमीटर हे बृहद्वृत्तीय, म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेले लघुतम अंतर असून, ताशी ८०० किलोमीटर वेगाने ते तासाभरात कापता येते, परंतु तिकिटावरील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतची असल्याने तीत धावपट्टीपर्यंतची संथ चाल, चढण, उतरण आणि मुंबईच्या आकाशात गर्दीमुळे घालाव्या लागणाऱ्या घिरट्याही धरलेल्या असतात. हिवाळ्यात उंचावरील पश्चिमी वारे जाताना समोरून येतात, त्यामुळे परतीचे उड्डाण सहसा लवकर आटोपते. पांढुर्णा-सौंसरच्या प्रवाशांनी मात्र सोनेगाव विमानतळापर्यंतचा रस्ता आधी हिशेबात धरावा, कारण सामान स्वीकारणारी खिडकी साधारणतः उड्डाणापूर्वी तासभर बंद होते.