पब क्विझला जाऊ का?

प्रश्न : नोकरीनिमित्त लीड्सला आले आहे. सहकारी पब क्विझला बोलावतात, पण इथल्या जुन्या मालिका, गाणी मला ठाऊक नाहीत. काय करू?

उत्तर : बिनधास्त जा. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका १९६०पासून सुरू आहे; ती तुम्हाला पाठ असावी अशी कुणाचीच अपेक्षा नसते. क्रिकेट, राजधान्या, विज्ञान यांत तुमची मदतच होईल. आपल्या संघाची उत्तरं लिहायचं काम मागून घ्या. सगळे तुमच्याकडे वाकून कुजबुजतात, त्यातून माणसं भराभर कळतात, आणि मला विचाराल तर खरी कमाई तीच. अर्धवट आठवलेलंही बोलून टाका, त्यावरून दुसऱ्याला नेमकं सुचतं. मोबाइलला मात्र हात लावू नका, ती सरळ कॉपी ठरते. पेयं आळीपाळीने एकेकजण सगळ्यांसाठी आणतो. दारू पीत नसाल तर लाइम-सोडा मागा, पण पेयं आणायची आपली वेळ टाळू नका.