रानपिंगळा : इयत्ता चौथीसाठी परिसर-अभ्यासाचा एक पाठ

अकोटच्या उत्तरेस नरनाळ्याचा डोंगर असून त्यास लागूनच मेळघाटचे सागवन पसरले आहे. मेळघाटात राहणारा रानपिंगळा भारताबाहेर कोठेही आढळत नाही. ऐकीव गोष्टीपेक्षा प्रत्यक्ष निरीक्षण श्रेष्ठ, हे मुलांच्या मनावर ठसविणे हा या पाठाचा हेतू आहे.

विषयप्रवेश : मुलांना गावातील पिंगळा ठाऊक असतो. पहाटे कंदील घेऊन येणारा पिंगळा जोशीही वडीलधाऱ्यांच्या आठवणीत असतो. तेथून प्रारंभ करून दोन्ही पक्ष्यांतील फरक मुलांकडून वदवून घ्यावा. गावपिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, पोट पांढरे आणि पंख व शेपटी यांवर ठळक पट्टे असतात. तो दिवसाउजेडी शिकार करतो. सरडे, उंदीर व टोळ हे त्याचे भक्ष्य होय.

विवेचन : १८७२ साली आजच्या छत्तीसगडाच्या प्रदेशात ब्लेविट यांना हा पक्षी मिळाला, १८७३ साली ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर तो विश्वसनीयरीत्या कोणासही आढळला नाही. माइनर्टझागेन यांनी १९१४ साली गुजरातेत तो मिळविल्याचे नोंदविले होते. परंतु ती नोंद खोटी असून नमुना चोरीचा होता, हे पामेला रासमुसेन यांनी सिद्ध केले. खोट्या नोंदीमुळे शोध भलत्याच ठिकाणी होत होता. ती दूर सारून जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारे शोध घेताच २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ हा पक्षी दिसला. पुढे मेळघाटातही तो आढळला.

शिक्षकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे : घुबडाची जात अशुभ या समजुतीने आणि जादूटोण्यासाठी हे पक्षी मारले जातात. जंगलतोडीने झाडांच्या ढोल्या नाहीशा होतात व त्यांबरोबर त्यांची घरटीही जातात. ज्या पक्ष्याचे भय मुलांना घरी शिकविले गेले, तोच शेतातील उंदीर व टोळ खाऊन कुणब्याला साहाय्य करतो, हे शाळेने दाखवून द्यावे. ते काम शाळेवाचून होणे कठीण आहे.

स्वाध्याय : आठवडाभर गावपिंगळ्याचे दुरून निरीक्षण करावे; ढोलीस हात लावू नये. वेळ, जागा व भक्ष्य वहीत लिहावे. जे दिसले नाही, ते लिहू नये.