भिंत फोडण्याआधी

पुतण्या : काका, घोटावड्याच्या घराची मागची खोली आणखी मागे वाढवायची आहे. सोबतच हॉल आणि त्या खोलीमधली बारा फुटांची भिंत काढायची. गवंडी म्हणतो, वर बीम टाकू, झालं काम. मग इंजिनिअर, नकाशा, तपासणी हे सगळं कशाला?

काका : बीम लागेलच, पण तो केवढा आणि टेकणार कशावर, हे भिंत उभी असतानाच ठरायला हवं. तुमचं घर लोड-बेअरिंगचं आहे, म्हणजे कॉलम नाहीत, स्लॅब थेट नऊ इंची भिंतींवर टेकलाय. दोन्ही बाजूंना दहा-दहा फुटांचा पाच इंची स्लॅब धरला तर त्या भिंतीच्या वाट्याला स्लॅबचंच साडेतीन टन वजन येतं. फरशी, वॉटरप्रूफिंग आणि माणसांचा वावर मिळवला तर सहा-सात टन. आज ते बारा फुटांवर पसरून पायात उतरतं. भिंत गेली की तेच बीमच्या दोन टोकांशी, वीतभर जागेत, तीन-साडेतीन टन असं एकवटतं. जुनी वीट तिथे चिरडू नये म्हणून बीमखाली काँक्रीटचा ठोकळा लागतो, कधी खालचा पायाही रुंद करावा लागतो. शिवाय दोन्ही खोल्यांचा स्लॅब सलग ओतलेला असेल, तर भिंतीच्या डोक्यावर मुख्य सळई वरच्या अंगाला असते, कारण तिथे काँक्रीट वरून ताणलं जातं. टेकू न लावता भिंत फोडली, की ताण खालच्या अंगाला येतो आणि तिथे तेवढी सळई नसते. हे गिलाव्याकडे बघून कुणालाच कळत नाही, तीस वर्षं थापी धरलेल्या माणसालाही नाही.

पुतण्या : पण आतल्या बदलांना परवानगी लागत नाही, असं कायद्यातच आहे म्हणे. आणि कितीतरी जणांनी भिंती काढल्यात, त्यांची घरं उभीच आहेत की.

काका : कायद्याचं खरं आहे. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचं कलम ४३ फक्त आतल्या भागापुरत्या दुरुस्तीला आणि फेरबदलांना सूट देतं. तुम्ही मात्र क्षेत्र वाढवताय, म्हणजे कलम ४४ खाली अर्ज आलाच. घोटावडे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नोंद आहे, घरपट्टी भरतो, एवढ्याने बांधकाम मंजूर ठरत नाही. आणि समजा परवानगीतून सूट मिळाली, तरी स्लॅबचं वजन किलोभरही कमी होत नाही. घाटकोपरची सिद्धी साई इमारत आठव. २५ जुलै २०१७ रोजी ती कोसळली आणि १७ जीव गेले. तळमजल्यावर फेरबदलाचं काम सुरू होतं, आणि त्यात इमारतीच्या आधारालाच हात लावल्याचा पोलिसांचा आरोप होता. आज उभी असलेली घरं रोजचं वजन पेलतात, एवढंच त्यावरून सिद्ध होतं. भूकंपात घराला आडवा हिसका बसतो आणि कॉलम नसलेल्या घरात तो भिंतींनाच झेलावा लागतो. १९६७च्या कोयनेच्या आणि १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर महाराष्ट्रात तरी हे वेगळं सांगायला लागू नये.

पुतण्या : तपासणीला येणारे मात्र वरवर बघतात आणि सही करून जातात. त्याने घर कसं मजबूत होणार?

काका : हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच म्हणतो, वेळ चुकवू नका. परवानगीच्या वाटेवर जोतं तपासलं जातं, शेवटी भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी पाहणी होते. मधल्या काळात जे काँक्रीटखाली गाडलं जातं, ते बघायची जबाबदारी तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची. नकाशा मंजूर करून घेण्याचा मोठा फायदा हाच, की भार कुठून कुठे उतरणार हे घण पडायच्या आधी कुणाला तरी मांडावं लागतं आणि त्याखाली नावानिशी सही करावी लागते. इंजिनिअरला दोनदा बोलवायचं. पहिल्यांदा, भिंतीच्या दोन्ही अंगांना टेकू लागल्यावर, पहिली वीट निघायच्या आधी. दुसऱ्यांदा, बीमची सळई बांधून झाल्यावर. रिंगांमधलं अंतर, कव्हर आणि ठोकळ्यावरची टेक त्यांनी मोजल्याशिवाय मिक्सर मागवायचा नाही. आणि बीम ओतल्यावर चौदा दिवस तरी गवंड्याला टेकूंना हात लावू द्यायचा नाही, घाई कितीही असो.