धुरा जाळू नका, पट्टा काढा

आंबिया बहाराची गळ, हरभऱ्याची मळणी, उन्हाळी मुगाच्या पाण्याच्या पाळ्या यांवर दरवर्षी याच दिवसांत लिहिले जाते. यंदा ते सगळे बाजूला ठेवतो. त्यातले बहुतेक तुम्हाला ठाऊक आहे. नसेल तर गावचे कृषी सहायक सांगतील. सध्या अकोट, तेल्हाऱ्यापासून अंजनगाव, अचलपूर, मोर्शी, वरुडपर्यंत सातपुड्याच्या पायथ्याचा जो शेतकरी भेटतो, तो आगीचे बोलतो. कोणाची गंजी गेली, कोणाच्या ठिबकच्या नळ्या वितळल्या, कोणाच्या बागेची कडेची ओळ होरपळली. आणि आग कुठून आली असे विचारले की उत्तर बहुधा एकच असते: शेजारच्या धुऱ्यावरून.

धुरा जाळणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. वडील जाळत होते, आजोबा जाळत होते, मग आताच काय झाले, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. झाले ते हे, की आजोबांच्या वेळचा फाल्गुन आता राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत त्या महिन्यासाठी सर्वांत जास्त निघाले. म्हणजे ज्या महिन्यात धुऱ्यावरच्या गवतात थोडी ओल असायची, त्या महिन्यातच ते कडकडीत वाळू लागले. मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लागू करावे लागले. दुसऱ्या बाजूने पाऊस लांबतो, दसरा-दिवाळीपर्यंत पडतो, त्यामुळे धुऱ्यावर, नाल्याकाठी, पडीत वावरात टोंगळ्याएवढे गवत माजते. आधी ओला पावसाळा आणि मागून लवकर आलेला उन्हाळा: जाळायला माल जास्त आणि तो वाळायला दिवसही जास्त. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरते. शेतकऱ्यानेही आता तोच धरावा.

धुरा कशासाठी जाळायचा, तर कुंदा मरतो, हरळी मरते, उंदीर-साप जातात, असे सांगतात. कुंद्याचे कंद काळ्या जमिनीत किती खोल असतात हे ज्याने एकदा खणून पाहिले त्याला सांगायला नको. गवताच्या आगीची धग दोन-तीन इंचांच्या खाली पोहोचत नाही. वरचे वाळलेले जळते, कंद शाबूत राहतो, आणि सावली गेल्यामुळे पहिल्या पावसाला तोच सगळ्यांच्या आधी हिरवा होतो. वर्षानुवर्षे जाळून कुंदा संपलेला एकही धुरा मला वऱ्हाडात दाखवा. उंदीर बिळात सुरक्षित राहतो. जळतात ती धुऱ्यावरची बोर, निंब, हिवर यांची रोपे आणि बोंडअळी खाणारे किडे-पाखरे. हा उपाय सोडा. कुंदा खणूनच काढावा लागतो, आणि त्यासाठी उन्हाळवाहीत खोल नांगरून कंद वेचण्याला आजही पर्याय नाही.

काही जण रात्री जाळतात. दिवसा तलाठी पाहतो, वनरक्षक पाहतो, रात्री कोणी पाहत नाही असा हिशेब. हा हिशेबही चुकीचा आहे. देहरादूनचे भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून आगीची ठिकाणे टिपते. त्यातला एक उपग्रह साधारण दुपारी दीडला आणि रात्री दीडला आपल्यावरून जातो आणि पावणेचारशे मीटरच्या चौकोनापर्यंत ठिकाण सांगतो. संदेश थेट त्या बीटच्या वनकर्मचाऱ्याच्या मोबाइलवर जातो. नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या एका हंगामात देशभरात अशा ३,४५,९८९ नोंदी झाल्या. या संदेशांसाठी सामान्य नागरिकालाही नंबर नोंदवता येतो. पायथ्याच्या प्रत्येक गावातल्या दोन-चार तरुणांनी तो नोंदवावा असे मला फार वाटते. वणवा डोंगरावर असतानाच कळला तर पट्टा साफ करायला वेळ मिळतो.

अचलपूर तालुक्यातल्या एका गावाचे सांगतो. चैत्रातली दुपार होती. गव्हाचे वावर मोकळे झाले म्हणून एकाने धुऱ्याला काडी लावली, चार हात जळताना पाहिले आणि जेवायला घरी गेला. वारा पश्चिमेचा होता. आग धुऱ्यावरून पांदणीत उतरली, पांदणीच्या दोन्ही बाजूंच्या काटेरी कुंपणाने तिला पुढे नेले आणि तिथून ती संत्र्याच्या बागेत शिरली. बाग मृग बहारासाठी ताणावर सोडलेली, म्हणजे जमीन कोरडी आणि झाडाखाली वाळल्या पानांचा थर. ज्याने काडी लावली तो माणूस वाईट नव्हता. बादल्या घेऊन सगळ्यांत आधी तोच धावला. आम्ही पाहणीला गेलो तेव्हा बरीच झाडे वरून हिरवी होती आणि मालकाला वाटत होते की बाग वाचली. महिन्याभरात बुंध्याची साल तडकली, डिंक वाहू लागला, आणि वरून हिरवी दिसणारी झाडे ओळीने वाळली. संत्र्याची साल पातळ असते. बुंध्याभोवती काही मिनिटे धग राहिली तरी सालीखालचा जिवंत थर भाजतो. झाड मेले आहे हे कळायला मात्र वेळ लागतो. ज्या दोन घरांचे विहिरीचे पाणी एकत्र होते, ती घरे त्यानंतर एकमेकांशी बोलेनाशी झाली.

म्हणून सांगतो, जाळू नका, पट्टा काढा. रोटावेटरचे दोन फेरे घेतले की दहा-बारा फुटांची काळी, उघडी जमीन तयार होते. बागेच्या चारी बाजूंनी एवढे पुरे. जंगलाकडच्या किंवा पडीत रानाकडच्या बाजूला वीस फूट ठेवा, कारण उंच गवताची ज्वाळा वाऱ्याने आडवी होते आणि दहा फूट सहज ओलांडते. ट्रॅक्टर जात नसेल तिथे वखर, वखर जात नसेल तिथे विळा आणि फावडे. कापलेले गवत पट्ट्याच्या काठावर ढीग करून ठेवू नका. हा मूर्खपणा मी दरवर्षी पाहतो: पट्टा स्वच्छ आणि काठावर आगीला चढायला रास. ते गवत गोठ्यात न्या, नाहीतर बागेच्या आतल्या ओळींत पसरून ओले ठेवा. कडेच्या दोन ओळींत मात्र उन्हाळाभर आच्छादन नको. पट्टा एकदा काढून काम संपत नाही. मेळघाटचा सागवान पाने टाकत असतो, वारा ती आणून पट्ट्यावर पसरवतो. आठवड्याला एकदा पट्टा झाडून काढलाच पाहिजे. ताणावरच्या बागेला हे दुप्पट लागू आहे. धुरा दोघांचा असतो, तेव्हा पट्टा कोणी काढायचा यावर भांडत मे महिना आणू नका. दोघांनी मिळून डिझेल घाला.

पऱ्हाटीचेही असेच. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीनंतर फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या वावरात उभ्या ठेवू नका असे आम्ही घसा कोरडा होईपर्यंत सांगितले, आणि ते बरोबरच होते. पण पुष्कळांनी त्याचा अर्थ काडी लावा असा घेतला, तोही मार्चमध्ये, जेव्हा अळी बोंडातून जमिनीत आणि जिनिंगच्या सरकीत पोहोचलेली असते. चिमट्याने पऱ्हाट्या उपटा, श्रेडरने बारीक करा, जमिनीत मिसळा. बागायत नसलेल्या वावरातही हेक्टरी दोन-तीन टन काड निघते. ते जाळले की त्यातले जवळजवळ सगळे नत्र धुरात जाते आणि मग तेच आपण युरियाच्या पोत्यात विकत आणतो. गावात श्रेडर नसेल तर गटाने महाडीबीटीवर अर्ज करा. एकेकट्याने यंत्र घेऊन ते दहा महिने झाडाखाली उभे ठेवण्यात अर्थ नाही.

कुटाराच्या गंजीबद्दल थोडक्यात. विजेच्या तारेखाली गंजी नको, गोठ्याला लागून नको, आणि सगळे कुटार एका गंजीत नको. तारा लोंबत असतील, डीपीवर ठिणग्या पडत असतील तर १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा; उद्या तारेमुळे आग लागली तर हाच क्रमांक तुमचा पुरावा असतो. हार्वेस्टर आणि मळणीयंत्राच्या सायलेन्सरवर ठिणगी अडवणारी जाळी आहे का हे यंत्र वावरात शिरण्याआधी पाहा आणि इंजिनावर साचलेला भुसा झटका. अकोट भागात गहू काढताना एका ठिणगीने उभे पीक जळताना मी पाहिले आहे. वावराच्या कडेला भरलेला टँकर उभा होता, पण त्याच्या पाइपला नोझल नव्हते.

रोही आणि रानडुकरे हाकलायला फटाके फोडणे एप्रिल-मेमध्ये पूर्ण बंद करा. डुकरांचा त्रास किती आहे याची मला कल्पना आहे. रात्र-रात्र जागलीला बसणाऱ्या माणसाला उपदेश करणे सोपे नसते. पण सुतळी बॉम्ब वाळल्या गवतात फेकणे म्हणजे डुकरासाठी शेजाऱ्याचे वावर पेटवणे. डबे वाजवा, बॅटरी वापरा.

आता डोंगराकडे. गाविलगडच्या रांगेचा दक्षिण उतार उभा आहे आणि दिवसभर उन्हात तापतो. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून पायथ्याच्या वावरातून निसटलेली आग तासाभरात माथ्याकडे पोहोचू शकते, आणि मग ती आवरायला वनखात्याकडे ब्लोअर आणि माणसे कमीच पडतात. मोहफुले वेचायला झाडाखालचा पाला जाळणे, तेंदूला चांगली पालवी यावी म्हणून जाळणे, ढोरांना हिरवा चारा फुटावा म्हणून जाळणे, ही कारणे मला माहीत आहेत, आणि मोहावर ज्यांचे वर्षाचे मीठ-तेल चालते त्यांना चोर म्हणायला मी तयार नाही. पण पाला झाडूनही निघतो. चिखलदरा तालुक्यातल्या एका कोरकू बाईने मला दाखवले होते: झाडाखालची जागा खराट्याने साफ करून तिने जुनी लुगडी अंथरली होती. फुले स्वच्छ मिळत होती, माती न लागल्याने भावही बरा मिळत होता, आणि झाडाखालची मोहाची रोपटी जिवंत होती.

परतवाड्याजवळच्या पायविहीर, उपातखेडा, खतिजापूर, नयाखेडा या गावांकडे जाऊन या असे मी प्रत्येक गटाला सांगतो. २०१२ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाले. उघड्याबोडक्या टेकड्या त्यांनी स्वतः राखल्या, आणि आज तिथल्या सीताफळाचा पैसा गावात येतो. ज्या टेकडीवर गावाचा हक्क आणि गावाची मिळकत आहे, ती पेटली तर कोणाची वाट न पाहता गाव धावते. जिथे टेकडी सरकारची आणि पडीत वावर मुंबई-पुण्यातल्या मालकाचे, तिथे गवत वाढत राहते. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाई बेटांवरचे लहैना गाव जळाले, शंभरावर माणसे गेली. गावाभोवतीचे उसाचे जुने मळे पडीत राहून तिथे गवत माजले होते. आपल्या गावठाणांभोवतीच्या पडीत वावरांची यादी ग्रामसभेने मार्चच्या आत करावी, आणि मालक येत नसेल तर गवत कापून पट्टा काढण्याचे काम ग्रामपंचायतीने हाती घ्यावे.

आग आलीच तर आधी ढोरांची दावी कापा. मग १०१ किंवा ११२ वर फोन, जंगलाच्या बाजूला वनखात्याचा १९२६. आगीच्या तोंडासमोर आणि चढाच्या वरच्या बाजूला उभे राहू नका. जळून काळ्या झालेल्या बाजूने शिरा आणि कडेकडेने ओल्या फांद्यांनी, ओल्या पोत्यांनी दाबत पुढे सरका. अंगावर सुती कपडे हवेत. नायलॉन कातडीला चिकटतो. फवारणीचा ट्रॅक्टरवरचा टाका एप्रिल-मेमध्ये नेहमी पाण्याने भरलेला ठेवा; औषधाचा अंश राहू नये म्हणून आधी तो नीट धुवा. समोरून काडी लावून वणवा अडवण्याचा प्रयोग गावकऱ्यांनी करू नये. वारा फिरला की त्या दोन आगींच्या मध्ये माणसे सापडतात. आग विझल्यावरही शेणाच्या गोवऱ्या, खुंट, कुंपणाचे लाकूड रात्रभर धुमसते. त्या रात्री आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा फिरून पाणी टाका.

भरपाईच्या भरवशावर कोणी राहू नये. खरीप २०२५ पासून राज्यात पीकविम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठरते. एकट्याच्या वावरातल्या आगीला त्यात जागा नाही. फळपीक विमा हवामानाच्या आकड्यांवर चालतो. उलट आग राखीव जंगलात गेली तर १९२७ च्या वन कायद्याचे कलम २६ आणि अभयारण्यात गेली तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे कलम ३० लावणाऱ्यावर लागते. जंगलात चराई-सरपणाचा हक्क असणाऱ्यांवर वणवा विझवायला मदत करण्याचे बंधनही वन कायद्याच्या कलम ७९ ने घातले आहे. तरीही पंचनामा करून घ्या, फोटो काढा, तारीख-वेळ लिहा.

होरपळलेली झाडे घाईने तोडू नका. बुंध्याला सावकाश, थोडे-थोडे पाणी द्या, एकदम भरपूर नको. सालीवर बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा, लोखंडी भांड्यात नको. खोडाला दुपारचे ऊन थेट लागत असेल तर चुन्याचा हात द्या. नत्राचा मोठा हप्ता या काळात देऊ नका, मुळांना तो पेलवत नाही. पाऊस पडून नवी फूट आल्यावर कोणती फांदी जिवंत ते पाहा, वाळलेली फांदी जिवंत भागापासून कापा आणि कापावर पुन्हा पेस्ट लावा. बुंध्याची साल चारी बाजूंनी सुटली असेल तर ते झाड ठेवून उपयोग नाही. त्या जागी पुढच्या पावसाळ्यात नवीन कलम लावण्याची तयारी करा आणि वितळलेल्या लॅटरल बदलताना कडेच्या ओळीतल्या नळ्या या वेळी मातीखाली घ्या.