मानेतील गाठ: जिवंत की मृत?

रायपूरच्या डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयात प्रादेशिक कर्करोग केंद्र आहे. अशा केंद्रांत तोंड व घसा यांच्या कर्करोगाचे रुग्ण नेहमी आढळतात. तंबाखू व सुपारी ही त्याची प्रमुख कारणे होत. रोग बळावला म्हणजे तो मानेतील लसीका ग्रंथींत उतरतो. किरणोपचार पूर्ण झाल्यावरही कित्येकदा मानेत गाठ हाताला लागते. तो केवळ मृत पेशींचा व्रण आहे, की तिच्यात रोग अद्याप जिवंत आहे? शस्त्रक्रिया करावयाची की नाही, हे या उत्तरावर अवलंबून असते.

सीटी-स्कॅन गाठीचा आकार दाखविते. तिच्यातील जीवनव्यापार नव्हे. कर्कपेशी निरोगी पेशींपेक्षा बरेच अधिक ग्लुकोज वापरतात, असे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांना 1920 नंतरच्या दशकात आढळून आले. पेट-स्कॅन याच गुणधर्मावर आधारलेले आहे. ग्लुकोजसदृश रेणूला फ्लुओरीन-18 हा किरणोत्सारी अणू जोडून ते द्रव्य शिरेतून देतात. जिवंत कर्कपेशींत ते साचते व त्यातून उद्भवणाऱ्या गॅमा किरणांवरून यंत्र त्यांचे स्थान निश्चित करते. भारतात हे तंत्र 2002 साली मुंबईत परळच्या विकिरण चिकित्सा केंद्रात सुरू झाले.

त्याची उपयुक्तता ब्रिटनमधील 564 रुग्णांच्या अभ्यासाने 2016 मध्ये सिद्ध झाली. एका गटातील रुग्णांच्या मानेवर सरसकट शस्त्रक्रिया ठरविण्यात आली. दुसऱ्या गटात उपचारानंतर 12 आठवड्यांनी पेट-सीटी करून आवश्यक तेवढ्याच शस्त्रक्रिया केल्या. पहिल्या गटात 221, तर दुसऱ्यात अवघ्या 54 शस्त्रक्रिया झाल्या. तरीही दुसऱ्या गटाचे आयुर्मान कमी भरले नाही.

मात्र दाह झालेल्या पेशीही ग्लुकोज ओढून घेतात. म्हणूनच 12 आठवडे थांबावे लागते. आपल्याकडे क्षयाच्या गाठीही अशाच उजळतात. तेव्हा संशयास्पद गाठीतील पेशी सुईने काढून तपासणे इष्ट ठरते.

फ्लुओरीन-18 दर 110 मिनिटांनी निम्मे होते. साडेपाच तासांच्या वाटेवरून ते रायपूरला आणले, तर अष्टमांशच उरेल. यास्तव रुग्णाने वेळेवर व उपाशीपोटी यावे. द्रव्य दिल्यानंतर तासभर त्याने बोलूही नये. कारण बोलताना राबणारे घशाचे स्नायूही चित्रात उजळतात व रोगाचा भास होतो.