वही मिटून ठेव
पोलादपूर

चि. बाळ यास,


तुझ्याविषयी एक गोष्ट कानावर आली, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. पावसाळ्यात धान्य वाटताना तू उपासनेच्या हजेरीची वही समोर घेऊन बसलास म्हणे. रविवारी येणाऱ्यांना आधी, बाकीच्यांना उरलं तर. खोटं असेल तर तसं लगेच कळव.

अरे, आणि हे महाडात? चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. तरी दलितांना पाण्याला हात लावू देत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः आधी पायऱ्या उतरले, तेव्हा लोक मागून उतरले. त्या गावात ‘तू कोणाचा?’ विचारून तांदूळ द्यायचे?

जुलै २०२१ च्या पुरानंतर तू दिसेल त्या घरात शिरून चिखल उपसत होतास. मंडळीने तुला पुढे केलं ते त्या हातांकडे बघून. वही तेव्हा कुठे होती?

योहानाचा तेरावा अध्याय तुला पाठ आहे. प्रभूने पाय धुतले त्यांत यहूदाही होता, आणि तो काय करणार हे प्रभूला ठाऊक होतं. तरी त्याला वगळलं नाही. १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील उपासमारीने खंगून गेलेले. भूक काय असते ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. आपल्या घरालाही नको. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा तुझ्या आजोबांनी जन्मभर ऐकला आणि कधी उलट उत्तर दिलं नाही. तुझी वही तो टोमणा खरा करेल, बाळ. वहीत नाव लागावं म्हणून आलेला माणूस प्रभूसाठी आला की पोत्यासाठी, हे तुला तरी कसं कळायचं?

मी एवढं तोडून का लिहिते? माझ्या तरुणपणी आमच्या एका पुढाऱ्याचं असंच सुरू झालं होतं. आधी आपली माणसं, मग आपले नातेवाईक, शेवटी हिशेबच नाही. प्रार्थना मात्र सुंदर करायचे. आम्ही सगळे घरात कुजबुजत होतो, तोंडावर कुणी बोललं नाही. मीही नाही. त्या माणसाला वेळेवर कुणीतरी आपलं भेटायला हवं होतं, असं अजून वाटतं.

तू तसा नाहीस. लहानपणी स्वतःची भाकर वाटून टाकून घरी उपाशी यायचास, आणि तुझी आई रागवायची. कदाचित धान्य कमी आणि दारात माणसं फार, म्हणून गोंधळून वही धरली असशील. एवढा भार एकट्याने घेऊ नकोस. पुढच्या वाटपाला मला बोलाव, मी येऊन मापं भरीन. आधी म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना देऊ, मग जो येईल त्याला.

आणि तू वाळलास असं तुझी आई म्हणते. या रविवारी उपासना आटोपली की सरळ इकडे जेवायला ये.

तुझी,
आत्या