रकान्यातली रेघ

मिरज,
14 डिसेंबर

चि. अनिकेत,

समोरच्या वाण्यांची सून नातवाला घेऊन तिकडे पिट्सबर्गला निघालीय. तिच्या पेटीत मेतकूट, गोडा मसाला आणि हे पत्र एकाच पिशवीत घातलंय, तेव्हा कागदाला वास लागला असेल तर चालवून घे. फोनवरच बोलले असते, पण तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी “ठीक आहे मावशी” म्हणून मला वाटेला लावतोस.

तुझ्या खोलीतल्या सोलापूरच्या मुलाची आई आणि सुलूची जाऊ एकाच भिशीत आहेत. बातमी कुठून आली ते आता तुला कळलं असेल. त्या पोरावर चिडू नकोस, तो घाबरलाय. तुला दोन महिन्यांत तिसऱ्यांदा ताप, कपडे अंगावर लोंबतात, दिवाळीत मंडळाच्या फराळाला गेला नाहीस, त्यानं आणलेली ताटली दाराशी तशीच सुकली. हेही मी ऐकून घेतलं असतं. पण दवाखान्यात नेलं तेव्हा फॉर्मवर ‘अडीअडचणीला कुणाला कळवायचं’ या रकान्यात तू रेघ मारलीस म्हणे.

अनिकेत, 35 वर्षं मी ते फॉर्म भरून घेतलेत. रेघ मारणारे पेशंट मला अजून आठवतात. कुणी स्टेशनवरून उचलून आणलेला, कुणाला मुलांनी घराबाहेर काढलेलं. आई, बाप, मावशी धडधाकट असलेला 24 वर्षांचा मुलगा त्यात एकही नव्हता.

सर्जिकल वॉर्डात असताना एक गोष्ट मी कितीदा तरी पाहिली. अपेंडिक्स काढलेले दोघे, सर्जन एक, ड्रेसिंग करणारी मी. एकाची बायको चारच्या ठोक्याला डबा घेऊन हजर, त्याचे टाके वेळेवर निघायचे. शेजारच्या खाटेवरचा दाराकडे बघत पडलेला, त्याची जखम ओलीच. आम्ही म्हणायचो, डब्यातल्या तुपाचा गुण. पुढे ट्यूटर झाल्यावर ओहायोच्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांचा 1995 सालचा अभ्यास वाचनात आला. घरच्या माणसाचं विस्मरणाचं दुखणं काढणाऱ्या 13 बायका आणि त्याच वयाच्या, तशाच मिळकतीच्या दुसऱ्या 13. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम केली. दुखणं काढणाऱ्या बायकांची जखम भरायला सरासरी 9 दिवस जास्त लागले.

वाचता वाचता मला ताई दिसली. आक्काचं शेवटचं दीड वर्ष. आक्का तिला कामवाली समजायची, भांडी चोरलीस म्हणायची. तेव्हा ताईच्या अंगठ्याला विळी लागली ती दोन महिने चिघळत होती, आणि आम्ही सगळे शहाणे तिला साखर तपासून घे म्हणत होतो. साखर निघाली नाही. रात्री तिच्याजवळ बसायला कुणी नव्हतं. मीसुद्धा नव्हते, मला ड्युटीचं निमित्त होतं. तू चौथीत होतास, तुला फक्त आईच्या अंगठ्याची चिंधी आठवत असेल.

असो. वॉर्डातल्या गोष्टी तुला पटायच्या नाहीत, तुला आकडे लागतात. मग तुझ्या पिट्सबर्गचेच घे. तिथल्या कार्नेगी मेलनच्या शेल्डन कोहेन यांनी 276 धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले आणि त्यांना काही दिवस वेगळं ठेवलं. त्याआधी त्यांना विचारलं होतं की पंधरवड्यातून एकदा तरी तुम्ही कुणाकुणाशी बोलता? आई-बाप, जोडीदार, शेजारी, मित्र, कामावरचे, मंडळातले, देवळातले, असे प्रकार मोजले. सहा किंवा जास्त प्रकारची माणसं असलेल्यांच्या मानाने एक ते तीन प्रकारची असलेल्यांना सर्दी व्हायचा धोका चौपटीहून जास्त निघाला. झोप, सिगारेट, व्यायाम यांचा हिशेब धरला तरी तो फरक पुसला गेला नाही. हे 1997 मध्ये छापून आलं, तुझ्या जन्माच्याही आधी.

हे होतं कसं, ते तुला नर्सिंगच्या मुलींना शिकवायचे तसं सांगते. मेंदूत बदामाएवढा एक भाग आहे, अमिग्डला. धोका दिसला की तो हाकाटी करतो. हाक हायपोथॅलॅमसकडे, तिथून पिट्युटरीकडे, तिथून मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींकडे, आणि रक्तात कॉर्टिसॉल उतरतं. वाघ मागे लागला तर ते हवंच. कॉर्टिसॉलचं आणखी एक काम म्हणजे शरीरातला दाह आवरणं. पण हाकाटी महिनोन्‌महिने चालू राहिली की रोगाशी लढणाऱ्या पेशी त्याचं ऐकेनाशा होतात. घरात सतत ओरडणाऱ्या म्हाताऱ्याचं कोण ऐकतं? तसंच. मग दाह मोकाट सुटतो. आणि सर्दीत नाक गळतं, घसा धरतो, तो बराचसा आपल्याच शरीरातल्या दाहाचा प्रताप असतो.

आता जेम्स कोन यांच्या अभ्यासाचं ऐक, मग शिकवणं थांबवते. 2006 सालचं आहे. 16 लग्न झालेल्या बायकांना एमआरआयच्या नळीत झोपवून, आता विजेचा झटका बसेल अशी भीती घातली. कुणाचाच हात हातात नसताना मेंदूतली खळबळ सगळ्यांत जास्त. अनोळखी माणसाच्या हातानंही ती थोडी उतरली. नवऱ्याच्या हातानं सगळ्यांत जास्त उतरली, त्यातही ज्यांचं आपसात बरं होतं त्यांची विशेष. झटक्याची भीती तीच होती, मेंदूनं फक्त ती एकट्याच्या खाती मांडली नाही.

काल रात्री मी तुझी माणसं बोटांवर मोजली. आई-बाबा मिळून एकच धरतात. त्यांच्याशी बोलून तुला 17 दिवस झालेत, तरी धरले. सोलापूरचा मुलगा. लॅबमधल्यांशी ‘गुड मॉर्निंग’ म्हणतोस ते धरायचं का, तू सांग. ओढूनताणून तीन होतात. मला झोप आली नाही.

एकटं राहणं वाईट, असं मी म्हणत नाही. अण्णामामा 20 वर्षं मळ्यात एकटे राहिले आणि ठणठणीत होते. पण त्यांच्याकडे रोज गवळी येऊन तासभर राजकारण करायचा, आणि कुत्रं आजारी पडलं तरी अर्धं गाव मळ्यात लोटायचं. त्यांना फॉर्म दिला असता तर रकाना पुरला नसता.

तू रेघ का मारलीस ते मला कळतंय असं वाटतं. परीक्षेचं काहीतरी झालंय. निकाल मी विचारणार नाही. मी 19 वर्षांची असताना मुंबईत नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी अ‍ॅनॅटॉमीत नापास झाले होते, हे ताईलाही नीट माहीत नाही. अप्पांनी माझ्यासाठी बैलजोडीतला एक बैल विकला होता. त्यांची अंतर्देशीय पत्रं दर आठवड्याला यायची. मी ती फोडेनाशी झाले. आठ पत्रं ट्रंकेत तळाशी. तेव्हा मलाही सारखा ताप यायचा, मानेवर गळवं उठायची, मी मुंबईच्या पाण्याला दोष द्यायची. होस्टेलात कोट्टायमची मरियाम्मा होती. तिचं मराठी आणि माझं इंग्रजी, दोन्ही लंगडं. ती न विचारता खोलीत यायची, माझ्या खाटेवर बसून स्वतःचा भात खायची, मचमच आवाज करत. मला राग यायचा. एके दिवशी तिच्या ताटातलं लोणचं मी मागितलं, आणि तिथून मी जेवायला लागले.

पत्रं त्यानंतर फोडली. सातव्यात अप्पांनी लिहिलं होतं की मास्तरांकडून कळलं, तू नापास झालीस, काही बिघडलं नाही, घरी ये, हुरडा आहे. मी ते वाचलं तोवर शिमगा उलटून गेला होता. अप्पांनी त्यावर पुढे चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही, आणि आता काढायला ते नाहीत.

फार बोलले. खरं तर तू कसा दिसतोस एवढंच मला बघायचं होतं. कपडे लोंबतात म्हणतात, तर दोन मापाचे करून घे. मेतकुटाबरोबर तूप लागतंच, तिथं मिळत असेल. गुरगुट्या भात टाक, आणि त्या सोलापूरच्या पोराला बोलाव. बोलू नका काही, दोघे जेवा.

मी पहाटे साडेचारला उठते, तेव्हा तुमच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. चहा ठेवते आणि फोन ओट्यावर ठेवते. तू ‘ठीक आहे’ म्हणालास तरी या खेपेला मी ठेवायची नाही.

पुढच्या खेपेला त्या रकान्यात माझं नाव घाल. नंबर तुला पाठ आहे, तू पाचवीत असताना मीच पाठ करून घेतला होता. तो अजून बदललेला नाही.

तुझी,
कुसुममावशी